श्वानशिक्षण आणि कायदा : एक अपरिचित व्यवसाय

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे तक्रार घेऊन आले. गृहस्थ न्यायालयात कारकून आहेत. त्यांचे म्हणणे असे की, चिरंजिवांनी रस्त्यावरचे एक कुत्रे घरी आणले असून शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ते त्यास लपविलेला रुमाल हुडकावयास शिकवीत बसतात. पुस्तकास हात म्हणून लागत नाही. "सर, तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कज्जांची कागदपत्रे लावीत आलो. मुलगा वकील व्हावा एवढीच इच्छा. आणि ह्याचे सारे चित्त त्या कुत्र्यात!" असे म्हणून ते खिन्न होऊन बसले. मी नेहमीच्या शब्दांनी त्यांची समजूत घातली व ते गेले. परंतु नंतर माझ्या मनात आले की, पित्याची इच्छा व पुत्राचे वेड ही दोन्ही जेथे एकत्र येतात असा एक व्यवसाय जगात आहे. त्याची माहिती आपल्याकडे विद्यार्थ्यांस नाही, पालकांस नाही, आणि खरे सांगावयाचे तर ती मलाही फारशी नव्हती. ती मी पुढे यथाशक्ति मिळविली. तीच येथे सादर करीत आहे.

हा व्यवसाय म्हणजे पोलिसांच्या कुत्र्यांस गंध ओळखून शोध करण्याचे शिक्षण देणे, आणि त्या शोधाचे कायद्याच्या दृष्टीने मोल काय हे जाणून ते न्यायासनासमोर सांगता येणे. पहिले काम चिखलात व उन्हात करावयाचे, दुसरे ग्रंथालयात व साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण विचार करिता असे दिसून येते की, दुसऱ्यावाचून पहिले काम अपुरे, इतकेच नव्हे तर प्रसंगी घातकही होते.

पोलिसांनी पद्धतशीरपणे कुत्री बाळगण्याचा प्रघात बेल्जम देशातील घेंट शहरी 1899 साली सुरू झाला. जर्मनीत कोनराड मोस्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने 1910 साली श्वानशिक्षणावर ग्रंथ लिहिला, आणि योग्य क्षणी दिलेल्या बक्षिसाने व अटकावाने कुत्रा शिकतो हा विचार त्याने शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. आपल्या देशात सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र ग्वाल्हेरनजीक टेकनपूर येथे 1970 साली स्थापन झाले. महाराष्ट्र पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यास आहे. तेथेच शिकलेल्या 'झंजीर' नावाच्या लॅब्राडोर कुत्र्याचे नाव पालकवर्गातील पुष्कळांच्या स्मरणात असेल. मुंबईत 12 मार्च 1993 रोजी बाँबस्फोटांची मालिका झाली, त्यानंतरच्या काळात ह्या कुत्र्याने 3,329 किलो आर. डी. एक्स., 249 हातबाँब, 600 डेटोनेटर व 6,406 काडतुसे हुडकून काढल्याची नोंद आहे. किती जीव त्यामुळे वाचले ह्याचा हिशेब कोण मांडणार? 16 नोव्हेंबर 2000 रोजी तो मरण पावला तेव्हा पोलिसांनी त्यास शासकीय इतमामाने निरोप दिला.

हे सामर्थ्य कोठून येते? मनुष्याच्या नाकात गंध ग्रहण करणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लक्ष असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीपरत्वे 10 ते 30 कोटी असतात. शिवाय त्याच्या नाकपुड्यांस बाजूने चीर असते. श्वास सोडताना हवा त्या चिरेतून बाजूस जाते, त्यामुळे समोरचा गंध उधळून जात नाही. तो सेकंदास अनेकदा हुंगतो आणि प्रत्येक वेळी नवा नमुना आत घेतो. आपणांस स्वयंपाकघरातून आमटीचा वास येतो. त्यास त्याच आमटीतील हिंग, जिरे, कोथिंबीर ही जणू पृथक् पृथक् जाणवतात. म्हणूनच कॉफीच्या पुडीत दडविलेला गांजा कॉफीच्या वासाने झाकत नाही.

परंतु नाक असणे निराळे आणि नाकाने सांगता येणे निराळे. कुत्र्यास गांजाशी अथवा दारूगोळ्याशी काही कर्तव्य नसते. त्यास हवा असतो चेंडू. विशिष्ट गंध सापडला की चेंडू मिळतो एवढेच त्यास शिकवावयाचे. गंध सापडल्यावर त्याने काय करावे हेही ठरलेले असते. स्फोटक शोधणाऱ्या कुत्र्याने तेथे स्तब्ध बसावयाचे; पंजाने उकरले तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नकोच. ह्या खुणेस आपण 'इशारा' म्हणू. असे शिक्षण सामान्यतः सहा महिने चालते. मागावर जाणाऱ्या कुत्र्यास नऊ महिनेही लागतात.

आता शिक्षकाची खरी कसोटी पाहा. समजा, त्याने गांजाचा नमुना दररोज एकाच जातीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून लपविला. कुत्रा गांजा शिकला की पिशवी शिकला? समजा, नमुना लपविताना त्याने हातमोजे घातले नाहीत. मग कुत्रा कदाचित मालकाच्या ताज्या हाताचाच वास शोधीत असेल! समजा, प्रत्येक सरावात कोठे ना कोठे नमुना ठेवलेलाच असतो. मग कुत्रा असे शिकतो की, फिरत राहावे, कोठे तरी बसावे म्हणजे चेंडू मिळतो. ह्यास्तव चांगला शिक्षक मधून मधून रिकाम्या खोल्यांत कुत्र्यास फिरवितो, आणि काहीच न सापडता तो परत आला म्हणजे त्याचे कौतुक करितो. 'येथे काही नाही' असे सांगता येणे हे 'येथे आहे' असे सांगण्याइतकेच मोलाचे. परीक्षेत मुलांस जे येत नाही ते सोडून देण्याचे धैर्य नसते. पाने भरली की गुण मिळतात अशी समजूत आम्ही शिक्षकांनीच करून दिलेली असते. श्वानशिक्षकाचीही नेमकी हीच चूक होते.

ह्याहूनही सूक्ष्म अशी एक अडचण आहे, आणि ह्या लेखाचा गाभा तोच आहे. बर्लिन शहरी गेल्या शतकाच्या आरंभी 'हान्स' नावाचा एक घोडा प्रसिद्धीस आला होता. तो बेरीज-वजाबाकी करी व उत्तराइतके वेळा खूर आपटी. मोठमोठे विद्वान चकित झाले. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसेल तर घोड्यासही ते येत नाही. अपेक्षित आकडा येताच प्रश्नकर्त्याचे मस्तक नकळत किंचित हले, आणि घोडा तेवढ्यावर थांबे. कोणी लबाडी करीत नव्हते! मालक प्रामाणिक होता, घोडाही बिचारा प्रामाणिक होता. तरी उत्तर घोड्याचे नव्हते.

कुत्रा तर मनुष्याच्या चेहऱ्याकडे घोड्याहूनही अधिक पाहतो. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात ह्याविषयी एक प्रयोग झाला. तो 2011 साली प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी त्यांनी एक ख्रिस्तमंदिर निवडले. कारण असे की, तेथे अमली पदार्थ अथवा स्फोटके पूर्वी कधी ठेवली गेली असण्याचा संभव नव्हता. (आमच्या मंदिरांविषयी शास्त्रज्ञांचे एवढे तरी अनुकूल मत आहे हे वाचून मला समाधान वाटले.) अठरा कुत्री व त्यांस हाताळणारे अठरा पोलीस, ज्यांस 'हँडलर' म्हणतात, तेथे आणण्यात आले. हँडलरांस सांगितले गेले की, खोल्यांत काही ठिकाणी गंध ठेवला आहे, व काही फेऱ्यांत ती जागा तांबड्या कागदाने दर्शविली आहे. वास्तविक एकाही खोलीत असा गंध ठेवलेलाच नव्हता. एकूण 144 फेऱ्या झाल्या. एकही इशारा न देता पार पडलेल्या फेऱ्या फक्त 21. जेथे तांबडा कागद होता तेथे इशारे अधिक आले. मुद्दाम लपविलेल्या सॉसेजच्या वासाने कुत्र्यांस जितके भुलविले नाही तितके त्या कागदाने त्यांच्या मालकांस भुलविले.

येथे कुत्र्याच्या नाकाविषयी अविश्वास धरणे अन्यायाचे होईल. पोलंड देशात 164 कुत्र्यांवर झालेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खरोखर लपविलेले अमली पदार्थ शोधताना शेकडा 87.7 इशारे बरोबर ठरले. मोटारगाड्यांच्या झडतीत मात्र हे प्रमाण पुष्कळच उतरले. सारांश, नाक चांगले आहे. पण दोरीच्या दुसऱ्या टोकास माणूस आहे, आणि त्या माणसाची खात्री दोरीतून खाली उतरते. ह्यावर उपाय एकच. नमुना कोठे आहे हे हँडलरास ठाऊक नसावे, आणि शक्य तर त्या खोलीत उभ्या असलेल्या कोणासही ते ठाऊक नसावे. अशा चाचण्या वरचेवर घ्याव्यात आणि प्रत्येक चाचणीची, विशेषतः चुकलेल्या चाचणीची, वहीत नोंद करावी.

असे न केल्यास काय होते? अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानात 1981 साली समुद्रकिनाऱ्यावर एक खून झाला. विल्यम डिलन नावाच्या तरुणावर आरोप आला. रक्ताने माखलेला एक सदरा सापडला होता. एका श्वानशिक्षकाने शपथेवर सांगितले की, आपल्या कुत्र्याने त्या सदऱ्याचा व डिलनचा संबंध जोडला आहे. इतरही साक्षी होत्या. तरुणास जन्मठेप झाली. पुढे 1984 साली दुसऱ्या एका खटल्यात न्यायाधीशांनी त्याच शिक्षकाच्या कुत्र्याची न्यायालयाबाहेर साधी परीक्षा घेतली, तेव्हा कुत्र्यास मागच काढता येईना. शिक्षकाची विश्वासार्हता संपली. तथापि ज्यांस त्याच्या शब्दावर पूर्वीच शिक्षा झाली होती त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. डिलनची सुटका 2008 साली झाली. सदऱ्यावरील अंश त्याचे नाहीत असे डी. एन. ए. परीक्षेने ठरले तेव्हा. सत्तावीस वर्षे! आत गेला तेव्हा तो अवघ्या विशीत होता.

म्हणून न्यायालये कुत्र्याच्या बाबतीत सावध असतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न महाराष्ट्रातूनच गेला. रेल्वेगाडी घसरविल्याच्या आरोपावरून चाललेल्या अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार ह्याच्या खटल्यात 1969 साली न्यायालयाने अशा पुराव्यावर घेतले जाणारे तीन आक्षेप नमूद केले. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्यावतीने हँडलर बोलतो, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली, हा पहिला. मनुष्याचे प्राण व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये, हा दुसरा. आणि कुत्र्याने गर्दीतून नेमका एकाकडे धाव घेतली हे ऐकून ऐकणाऱ्याच्या मनावर जो नाट्यमय परिणाम होतो तो त्या पुराव्याच्या खऱ्या मोलाहून फार मोठा असतो, हा तिसरा. त्या खटल्यात न्यायालयाने सामान्य नियम घालून दिला नाही. कुत्र्याचा पुरावा बाजूस ठेवूनही इतर पुराव्याने अपराध शाबीत होतो असे ठरविले. पुढे 2001 साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, कुत्रा व त्याचा मालक ह्यांच्यामध्ये गैरसमज होण्याचा संभव अगदी निकट असतो. तपासकर्त्याने कुत्र्याच्या साहाय्याने प्रयत्न अवश्य करून पाहावेत, परंतु न्यायनिर्णयास ते परवडणारे नाही. 2008 साली आसामातील एका खटल्यातही हाच दृष्टिकोन कायम राहिला. म्हणजे आपल्याकडे कुत्रा वाट दाखवितो. अपराध सिद्ध करावयाचा तो इतर पुराव्याने. 1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आहे, तरी साक्ष प्रत्यक्ष असावी हे तत्त्व त्यातही आहेच.

अमेरिकेत प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे कुत्र्याचा इशारा झाला म्हणजे मोटारीची झडती घेण्यास पुरेसे कारण मिळते. तेव्हा भांडण लागते ते इशारा कितपत भरवशाचा ह्यावर. 'अल्डो' नावाच्या कुत्र्याने एका गाडीच्या दाराशी इशारा दिला. झडतीत, ज्यांचे शिक्षण त्यास दिले होते ते पदार्थ सापडलेच नाहीत. सापडल्या त्या मादक द्रव्य बनविण्यास लागणाऱ्या दोनशे गोळ्या व इतर सामग्री. तोच मनुष्य जामिनावर असता पुन्हा अडविला गेला, अल्डोने पुन्हा इशारा दिला, आणि ह्या वेळी काहीच मिळाले नाही! फ्लोरिडाच्या न्यायालयाने म्हटले की, कुत्र्याच्या प्रत्यक्ष कामातील यशापयशाची नोंद दाखविल्यावाचून भागणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हा निर्णय एकमताने फिरविला व सांगितले की, योग्य संस्थेचे प्रमाणपत्र व शिक्षण हे सामान्यतः पुरेसे, मात्र त्यांतील दोष काढण्याची आरोपीस संधी हवी. मला स्वतःस फ्लोरिडाचे मत अधिक पटते. प्रमाणपत्र एका दिवसाचे असते. वही रोजची असते. असो.

त्याच वर्षी त्याच न्यायालयाने 'फ्रँकी' ह्या लॅब्राडोर कुत्र्याच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, परवान्यावाचून कुत्रा घेऊन कोणाच्या घराच्या दारापर्यंत जाणे व तेथे हुंगविणे ही झडतीच होय. 2015 साली असे ठरले की, रस्त्यावर गाडी अडविण्याचे मूळ काम संपल्यावर केवळ कुत्र्यासाठी प्रवाशास थांबवून ठेवता येत नाही. त्या प्रकरणात जास्तीचा वेळ सात-आठ मिनिटांचाच होता. आता विचार करा : हे सारे निर्णय रात्रीच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसास कोणी समजावून द्यावयाचे? केवळ वकिलास कुत्रा कळत नाही, केवळ हँडलरास निकालपत्र कळत नाही. ह्या पोकळीतूनच हा व्यवसाय निर्माण झाला. अनेक वर्षे श्वानपथकात काम केलेले अधिकारी कायद्याचा अभ्यास करून तेथे हँडलरांचे व सरकारी वकिलांचे वर्ग घेतात, पथकांच्या नोंदवह्या तपासतात, आणि खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष देतात. कधी सरकारच्या बाजूने, कधी आरोपीच्या.

कायद्याची दुसरी बाजू खुद्द कुत्र्याच्या रक्षणाची. इंग्लंडात 2016 साली 'फिन' नावाचा पोलिसी कुत्रा चाकूच्या वारांनी घायाळ झाला, त्यावरून तेथे 2019 साली सेवेतील प्राण्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे प्राण्यांशी निर्दयतेचे वर्तन रोखणारा 1960 चा अधिनियम आहे, आणि भारतीय न्याय संहितेप्रमाणे प्राण्यास ठार अथवा पंगू करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आपल्या देशात ह्या दुहेरी व्यवसायाचा राजमार्ग अद्याप आखलेला नाही, हे पालकांपासून लपवून ठेवू इच्छीत नाही. हँडलर हे पोलीस दलातीलच शिपाई असतात. तेव्हा प्रथम दलात भरती व्हावे लागते, मग श्वानपथकासाठी निवड, आणि मग कुत्र्यासह प्रशिक्षण. पदवीनंतर कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, बारावीनंतर पाच वर्षांचा. पगारी सेवेत असताना वकिली करिता येत नाही, हा नियमही ध्यानात ठेवावा. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी नव्हे, एकामागून एक साधावयाच्या आहेत. उलट बाजूनेही येता येते : कायद्याचा पदवीधर सरकारी अभियोक्ता झाला आणि त्यास श्वानपथकाची वही वाचता आली, तर पुराव्यातील कच्चा दुवा त्यास उलटतपासणीच्या आधीच दिसेल.

एवढी माहिती जमल्यावर मी त्या गृहस्थांस पुन्हा बोलावून घेतले. न्यायालयांचे निकाल त्यांनी शांतपणे ऐकले; पण नोंदवहीचा विषय निघताच ते खुर्चीत पुढे सरकले. दप्तर नीट नसले म्हणजे खटल्याचे काय होते हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. त्याच रात्री त्यांनी एका जुन्या वहीत पट्टीने रकाने आखले : दिनांक, वेळ, वारा, रुमाल कोणी लपविला, मुलास जागा ठाऊक होती की नाही, कुत्र्याने काय केले. पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतः रुमाल लपविला तेव्हा कुत्रे दहापैकी नऊ वेळा बिनचूक गेले. दुसऱ्या आठवड्यात वडिलांनी लपविला व मुलास सांगितले नाही, तेव्हा दहापैकी चार. मुलगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन तो मजकडे आला आणि हान्स घोड्याची हकीकत पुन्हा एकदा सविस्तर सांगण्याविषयी त्याने विनंती केली.

सध्या रुमाल वडीलच लपवितात. तो लपवून होईपर्यंत मुलाने आतल्या खोलीत दार लावून बसावयाचे असा नियम झाला आहे, आणि तेवढ्या वेळात त्याची बीजगणिताची दोन उदाहरणे होतात असे त्याच्या आईचे म्हणणे आहे.